कलामहर्षी बाबूराव पेंटर : आठ दिवसांच्या कागदाचं मोल



भारतीय चित्रपटाचे जनक कोण, असं विचारलं तर आपली चौथी-पाचवीची मुलं दादासाहेब फाळके हे नाव पटकन सांगतात. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात ते असतंच. पण त्याच काळात कोल्हापुरात स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार करून चित्रपट काढणाऱ्या बाबूराव पेंटर यांचं नाव मुलांना माहीत नसतं, आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकीही अनेकांना ते नावापुरतंच माहीत असतं. दहावीच्या इतिहासात मनोरंजनाच्या माध्यमांवर धडा आहे. तो शिकवणाऱ्या शिक्षकांना, आणि खालच्या वर्गात थोर व्यक्तींची ओळख करून देणाऱ्या आपल्यासारख्यांनाही उपयोगी पडेल म्हणून आज त्यांचं चरित्र लिहिते आहे.

त्यांच्याबद्दल लिहायला आणखी एक कारण आहे. बाबूरावांनी आयुष्यभर ज्या वस्तू केल्या त्या बहुतेक टिकल्याच नाहीत. नाटकाचे पडदे फाटले, मूकपटांच्या रिळी जळाल्या नाहीतर विकल्या गेल्या. उरलं काय, तर थोडी पोस्टरं, थोड्या माहितीपुस्तिका, थोडे फोटो. म्हणजे जो कागद आठ दिवस भिंतीवर राहावा एवढ्यासाठीच छापला होता, तोच आज त्यांच्या कामाचा साक्षीदार आहे. हा मुद्दा मनात ठेवून पुढचं वाचा.

मेस्त्रींचं घर

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूरला झाला. त्यांचं पूर्ण नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. वडील कृष्णराव सुतारकाम आणि लोहारकाम करत. त्याबरोबर चित्रं काढणं, मूर्ती घडवणं, हस्तिदंतावर कोरीवकाम करणं हेही त्यांना येई. घरात पटाशी, रंधा, कानस आणि रंगाचा ब्रश अशी सगळी हत्यारं एकत्र नांदत होती. बाबूराव कोणत्याही चित्रकला महाविद्यालयात शिकले नाहीत. बघून, करून, पुन्हा करून शिकले. आज आपण ज्याला कृतीतून शिक्षण म्हणतो आणि ज्याच्यावर प्रशिक्षणं घेतो, ते त्या घरात रोज चालू होतं.

त्यांच्या नात्यातले भाऊ आनंदराव हेही तसेच हुशार. दोघांनी मिळून काम सुरू केलं. चित्रकामात दोघांचं नाव एवढं झालं की लोक त्यांना मेस्त्री न म्हणता पेंटर म्हणू लागले, आणि पुढं तेच आडनाव होऊन बसलं.

हे सगळं कोल्हापुरात घडलं यालाही अर्थ आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात तिथं कुस्ती, गाणं, नाटक, चित्रकला यांना राजाश्रय होता. महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये तयार झालं. त्यालाच पुढं संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये हे नाट्यगृह आगीत जळालं, ती बातमी आपण सगळ्यांनी पाहिली असेल. आपला परभणीचा भाग त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. म्हणजे कोल्हापूर हे आपल्यासाठी दुसरं राज्यच. मुलांना नकाशावर दोन्ही दाखवा, एकाच मराठी भाषेचे लोक कसे वेगवेगळ्या राजवटीत राहत होते ते त्यांना समजेल.

नाटकाचे पडदे

बाबूराव तरुण झाले तेव्हा मराठी नाटकाचा मोठा बहराचा काळ होता. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला तिथून मराठी रंगभूमी धरली जाते. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आणलं आणि संगीत नाटकाचं वेड महाराष्ट्रभर पसरलं. नाटक कंपन्या बैलगाड्या आणि रेल्वेनं सामान घेऊन गावोगाव फिरत. त्या सामानात सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रंगवलेले पडदे.

आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. त्या वेळी रंगमंचाच्या मागे मोठ्या कापडावर चित्र रंगवलेलं असे. राजवाडा, जंगल, रस्ता, देऊळ, असा प्रत्येक प्रवेशाचा वेगळा पडदा. प्रवेश बदलला की पडदा गुंडाळायचा आणि दुसरा सोडायचा. जवळून बघितलं तर नुसते रंगाचे फटकारे दिसतात, पण लांबून बघणाऱ्याला तिथं खरोखर खांबांची रांग आणि लांब जाणारी वाट दिसली पाहिजे. जवळचं मोठं, लांबचं लहान, हा हिशेब बरोबर जमला तरच ते साधतं. चित्रकलेच्या तासाला आपण रेल्वेचे रूळ लांब जाऊन एकत्र आलेले दाखवतो ना, तोच नियम.

साधारण १९१० ते १९१६ या वर्षांत आनंदराव आणि बाबूराव ही जोडी पश्चिम भारतातली पडदे रंगवणारी सगळ्यात नावाजलेली जोडी होती. केशवराव भोसल्यांच्या 'ललितकलादर्श' कंपनीसारख्या मराठी संगीत मंडळ्यांसाठी त्यांनी पडदे केले, तसेच गुजराती आणि पारशी नाटक कंपन्यांसाठीही केले. एकच कापड, एकच रंग, पण त्यातून माणसांना क्षणभर दुसऱ्या जगात नेणं, हे त्यांना जमलं होतं.

दगडावरून छापलेलं चित्र

आता थोडं थांबून पोस्टरकडे येऊ, कारण बाबूरावांचं मोठं काम समजायला त्या काळातली छपाई समजली पाहिजे.

नाटकाची जाहिरात म्हणजे सुरुवातीला नुसता मजकूर असलेली हस्तपत्रकं. खेळाचं नाव, ठिकाण, वेळ, तिकिटाचे दर, एवढंच. चित्र छापायचं तर शिळाप्रेस लागे. त्याला दगडी छापखाना असंही म्हणत. या पद्धतीचा शोध अठराव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या बव्हेरियात अलॉइस सेनेफेल्डर यांनी लावला. तिची युक्ती फार सोपी आहे आणि आपल्या सहावीच्या मुलालाही समजते. चुनखडीचा गुळगुळीत घासलेला सपाट दगड घ्यायचा. त्यावर तेलकट खडूनं चित्र काढायचं. मग दगड पाण्यानं ओला करायचा. जिथं तेलकट रेघ आहे तिथं पाणी बसत नाही, बाकी दगड पाणी धरून ठेवतो. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघांना चिकटते, ओल्या जागेला चिकटत नाही. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र उमटतं. रंगीत चित्र असेल तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पाच रंग असतील तर तोच कागद पाच वेळा, अगदी केसाचाही फरक न पडता, पाच दगडांवरून जायचा. आणि चित्र उलटं उमटतं म्हणून दगडावर ते सगळं उलटं काढायचं, अक्षरंसुद्धा!

इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियाच्या शेवटच्या वर्षांत, म्हणजे १८८० ते १९०० च्या दरम्यान, युरोपभर या पद्धतीनं नाटकांची मोठमोठी रंगीत पोस्टरं निघू लागली. पॅरिसमध्ये ज्यूल शेरे या चित्रकारानं ती कला वर नेली. तुलूझ-लोत्रेक यांनी १८९१ मध्ये मूलाँ रूज या नृत्यगृहासाठी केलेलं पोस्टर तर जगप्रसिद्ध आहे. गंमत म्हणजे तिथं लोकांना पोस्टरं जमवण्याचं वेड लागलं. भिंतीवरची खळ ओली असतानाच रात्री पोस्टर अलगद सोडवून घरी नेणारे, पोस्टर चिकटवणाऱ्या गड्याला पैसे देऊन एक प्रत बाजूला काढून घेणारे असे हौशी लोक निघाले. मग १८९५ पासून निवडक पोस्टरांच्या लहान आकारातल्या प्रती संग्राहकांसाठी मुद्दाम छापल्या जाऊ लागल्या. त्या हौशी लोकांमुळं ती पोस्टरं आज संग्रहालयात बघायला मिळतात. छापणाऱ्यानं ती टिकावीत म्हणून छापली नव्हती, कुणीतरी ती जपली म्हणून टिकली.

आपल्याकडंही शिळाप्रेस आला होता. पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा प्रेस सुरू झाला, त्यानं देवादिकांची आणि पेशवाईतल्या पुरुषांची रंगीत चित्रं घराघरांत पोचवली. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी, सरस्वती याच छापखान्यांतून आलेली असायची. देवाचं चित्र लोकांनी काचेत बसवून जपलं, कारण ते देवाचं होतं. नाटक-सिनेमाच्या पोस्टराला मात्र देव्हाऱ्यात जागा नव्हती. पाऊस आला की ते गळून पडायचं, नाहीतर त्यावरच दुसरं चिकटवलं जायचं.

स्वतः केलेला कॅमेरा

१९१३ मध्ये फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो बघून आनंदराव आणि बाबूराव भारावून गेले. पडद्यावर रंगवलेलं झाड हलत नाही, इथं मात्र झाड हलतं, माणूस चालतो! दोघांनी मुंबईतून एक जुना प्रोजेक्टर मिळवला. चित्रपट दाखवायचे आणि त्याच वेळी यंत्र खोलून त्याचा अभ्यास करायचा, असं सुरू झालं. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता, म्हणून कॅमेरा आपणच करायचा असं ठरलं.

पण १९१६ मध्ये आनंदराव गेले. ज्याच्या खांद्याला खांदा लावून सगळं शिकलं तो सोबती मध्येच गेल्यावर माणूस खचतो. बाबूरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले हा त्यांचा शिष्य हाताशी होता. मेस्त्रींच्या घरातलं सुतारकाम आणि लोहारकाम इथं उपयोगी आलं. भाग ओतायचे, कानशीनं घासायचे, जोडायचे, चुकलं की परत करायचे. १९१८ मध्ये कॅमेरा तयार झाला.

याच सुमारास त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. भांडवलासाठी कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी मदत केली. मुलींना हे नाव मुद्दाम सांगा. मराठी चित्रपटाच्या पायात एका गायिकेचा पैसा आहे, आणि तिचं नाव फार कमी ठिकाणी घेतलं जातं.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्यात आर्यन थिएटरात लागला. अज्ञातवासातली द्रौपदी, तिच्यामागे लागलेला कीचक आणि भीमानं केलेला कीचकवध, अशी महाभारतातली गोष्ट. वधाचा प्रसंग एवढा खराखुरा वाटला की सरकारनं तो कापायला लावला. बाबूरावांनी या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनाच दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशी त्यांची नावं. तेव्हा पुरुषानंच लुगडं नेसून स्त्री व्हायची रीत होती, आणि कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिलेल्या या दोघींना समाजाकडून बरंच सोसावं लागलं. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहून बाबूरावांना 'सिनेमा केसरी' हा किताब दिला. टिळकांच्या आयुष्यातलं ते शेवटचं वर्ष होतं.

इथं एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या माणसानं आपलं नाव रंगवलेल्या पडद्यांवर कमावलं, त्यानंच चित्रपटात रंगवलेले पडदे बाजूला ठेवले. कॅमेऱ्याला खोटी भिंत ओळखू येते हे त्यांनी जाणलं. त्यांनी खरे खांब, खरे दरवाजे, माणूस आत शिरून फिरू शकेल असे वाडे उभे केले. प्रसंग चित्रित करण्याआधी पात्रांचे पोशाख, उभं राहण्याची ढब, हालचाली हे सगळं ते कागदावर चितारून घेत. आपल्याला जे उत्तम येतं तेच सोडून द्यायला हिंमत लागते.

भिंतीवर आलेलं चित्र

पोस्टरचा विचारही त्यांनी चित्रकार म्हणूनच केला. १९२१ च्या जनगणनेत शंभरातल्या जेमतेम सात माणसांना लिहिता-वाचता येत होतं. मजकुराचं हस्तपत्रक उरलेल्या त्र्याण्णव जणांना काय सांगणार? बाबूरावांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. रस्त्यानं जाणाऱ्या हमालाला, बाजाराला आलेल्या शेतकऱ्याला, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाईला एका नजरेत गोष्ट समजली पाहिजे, असं ते काम. त्या काळात अशी रंगीत पोस्टरं बहुतेक दगडी छापखान्यातच छापली जात. नाटकाच्या पडद्यावर वीस-पंचवीस हातांवरून चित्र कसं दिसेल याचा जो हिशेब ते वर्षानुवर्षं करत आले, तोच भिंतीवर कामाला आला.

त्याशिवाय १९२१-२२ पासून त्यांनी चित्रपटाच्या माहितीपुस्तिका छापायला सुरुवात केली. त्यात चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रं असत. मूकपटात आवाज नव्हता, त्यामुळं आधी गोष्ट वाचलेली असली तर प्रेक्षकाला बरं पडे, आणि घरी नेलेली पुस्तिका शेजारीपाजारीही फिरत असे.

१९२३ मध्ये 'सिंहगड' आला. तानाजी मालुसऱ्यांची ही गोष्ट आपली चौथीची मुलं शिवछत्रपतींच्या पुस्तकात वाचतात. त्यात शिवाजी महाराजांची भूमिका स्वतः बाबूरावांनी केली, आणि शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम, जे पुढं स्वतः फार मोठे दिग्दर्शक झाले. रात्रीच्या चढाईचे प्रसंग दाखवण्यासाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. तोवर आपल्याकडं चित्रीकरण म्हणजे सूर्य असेपर्यंतच, असा प्रकार होता.

१९२४ मध्ये 'कल्याण खजिना' आला. कल्याणचा खजिना स्वराज्यात आला, त्याबरोबर सुभेदाराची सून महाराजांपुढं आणली गेली आणि महाराजांनी तिला सन्मानानं परत पाठवलं, ही प्रसिद्ध कथा त्यात होती. या चित्रपटाचं बाबूरावांनी केलेलं पोस्टर हे आज टिकून असलेलं भारतातलं सर्वांत जुनं सचित्र चित्रपट-पोस्टर समजलं जातं. त्याआधीही पोस्टरं निघाली असणारच, पण ती कुणी ठेवली नाहीत.

सावकारी पाश

१९२५ मध्ये बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. माझ्या मते मराठवाड्यातल्या शाळेत बाबूराव पेंटर शिकवायचे असतील तर याच चित्रपटापासून सुरुवात करावी.

तोवर चित्रपट म्हणजे देव, राक्षस, राजे. बाबूरावांनी नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून एका साध्या शेतकऱ्याची गोष्ट घेतली. तो सावकाराच्या कर्जात अडकतो, जमीन हातची जाते आणि पोटासाठी शहरात जाऊन गिरणीत मजुरी करावी लागते. शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. चमत्कार नाहीत, झगमगीत पोशाख नाहीत. पडकी झोपडी, अंधार आणि एक भुंकणारं कुत्रं, अशा एका दृश्याची आठवण चित्रपटाचे अभ्यासक आजही काढतात.

लोकांना पुराणातल्या कथांची सवय होती, त्यामुळं या चित्रपटाला त्यांच्या आधीच्या चित्रपटांसारखा प्रतिसाद मिळाला नाही. तरी बाबूरावांनी ती गोष्ट सोडली नाही. बोलपट आल्यावर १९३६ मध्ये त्यांनी तोच विषय पुन्हा केला.

शंभर वर्षं झाली. गिरण्या बंद पडल्या, पण कर्ज, गेलेली जमीन आणि कामासाठी गाव सोडून जाणारी माणसं हे आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या घरातलं आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या पालकांची मुलं हजेरीपटावर असतात आणि बाक रिकामे राहतात. अशा मुलांना सांगता आलं असतं की बघा, आपली गोष्ट शंभर वर्षांपूर्वी एका कलाकारानं पडद्यावर मांडली होती. त्यांना ती दाखवता मात्र येत नाही, कारण १९२५ चा तो मूकपट आज उपलब्ध नाही.

उतरता काळ

दामले, फत्तेलाल, शांताराम ही सगळी बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेली माणसं. ती कंपनीतून बाहेर पडली आणि त्यांनी जून १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू केली. पुढं प्रभात पुण्याला गेली आणि दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम' या १९३६ च्या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. गुरूच्या दृष्टीनं बघितलं तर हे दुःखाचं आहे आणि अभिमानाचंही. शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको.

१९३१ मध्ये 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट आला आणि मूकपटांचा बाजारच उठला. महाराष्ट्र फिल्म कंपनीही याच काळात बंद पडली. बाबूरावांनी त्यानंतर 'उषा', 'प्रतिभा', 'लोकशाहीर राम जोशी' असे काही बोलपट केले. 'राम जोशी'मध्ये शांताराम यांच्याबरोबर त्यांचं नाव आहे. पण त्यांचा बराच वेळ आता परत चित्रकलेत आणि शिल्पकलेत जाऊ लागला. जिथून सुरुवात केली तिथं, रंग आणि माती यांच्याकडे, ते वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचं निधन झालं.

काय गेलं, काय उरलं

जुन्या चित्रपटांची फीत नायट्रेटची असे. ती पटकन पेट घेते, आणि नीट न ठेवल्यास चिकट होऊन तिची भुकटी होते. बोलपट आल्यावर मूकपटांच्या रिळींना कुणी विचारेना. फितीतली चांदी काढून घेण्यासाठी कितीतरी रिळी मोडीत गेल्या. भारतात हजाराहून जास्त मूकपट निघाले, त्यातले मोजकेच आज शिल्लक आहेत. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांचेही थोडेसेच अवशेष उरले आहेत.

नाटकाचे पडदे तर कंपनी मोडली की कापड म्हणूनच संपले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, म्हणजे बाबूराव जाऊन दहा वर्षं झाल्यावर. तोपर्यंत जे वाचलं ते कुणाच्या तरी ट्रंकेत, माळ्यावर, जुन्या थिएटरच्या अडगळीच्या खोलीत पडून होतं म्हणून वाचलं. पोस्टरं, पुस्तिका आणि फोटो जपणाऱ्या हौशी माणसांचे हे उपकार आहेत. घरच्यांनी त्यांना कचरा गोळा करणारे म्हटलं असेल, पण त्यांच्याशिवाय बाबूरावांचं काम म्हणजे नुसतं ऐकीव राहिलं असतं.

आता आपल्या गावाकडे बघा. पिंगळीसारख्या गावात जत्रेचं पत्रक, सप्ताहाची पत्रिका, तमाशाचं किंवा हौशी नाटकाचं हस्तपत्रक, कुस्त्यांच्या फडाची जाहिरात हे दरवर्षी छापलं जायचं. आज फ्लेक्स लागतो आणि मोबाईलवर चित्र फिरतं. फ्लेक्स पावसाळ्यात शेडवर ताडपत्री म्हणून जातो, मोबाईलमधलं चित्र जागा भरली की पुसलं जातं. वीस वर्षांनी आपल्या गावात कुणी नाटक केलं होतं, कुणी कीर्तन केलं होतं, कोणता पैलवान आला होता, हे सांगणारा एक तरी कागद असेल का? कोल्हापूरचं मोठं काम गेलं, तसं आपलं लहान कामही रोज चाललं आहे. फरक एवढाच की आपलं अजून थोडं हाताशी आहे.

वर्गात आणि घरी करता येईल असं

१. तेल आणि पाणी : गुळगुळीत फरशीच्या तुकड्यावर मेणाच्या खडूनं ठळक चित्र काढा. वरून ओल्या कापडानं पुसा. खडूच्या रेघेवर पाणी ठरत नाही हे मुलांना दिसेल. शिळाप्रेसची मूळ युक्ती यातून समजते.

२. उलटी अक्षरं : मुलांना आपलं नाव आरशात सरळ दिसेल असं उलटं लिहायला सांगा. दगडावर काम करणाऱ्या कारागिराची अडचण लगेच लक्षात येते.

३. भिंगातून छपाई : आजच्या वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली बघा, ओळीत मांडलेले सारखे ठिपके दिसतील. हातानं दगडावर काढलेल्या जुन्या चित्रात ठिपके आणि रेघा लहानमोठ्या, वेड्यावाकड्या असतात. जुनं देवाचं चित्र अस्सल शिळाछाप आहे की नंतरची नक्कल, हे संग्राहक याच खुणेवरून पहिल्यांदा तपासतात. एखाद्या घरी असं चित्र असेल तर काचेतून न काढता बघा.

४. अक्षरांशिवाय पोस्टर : पाठ्यपुस्तकातल्या एखाद्या धड्याचं पोस्टर काढायचं, पण एकही अक्षर न लिहिता. दुसऱ्या गटानं धडा ओळखायचा.

५. गावाची कागदपेटी : घरोघरी जाऊन जुनी पत्रकं, लग्नपत्रिका, नाटकाची तिकिटं, जत्रेच्या जाहिराती यांची विचारणा करा. मालक द्यायला तयार नसेल तर फोटो घ्या आणि कागद परत करा. कुणाच्याही घरचा कागद मागून आणला की तो परत केलाच पाहिजे, हे मुलांच्या मनावर बिंबवा.

कागद ठेवताना एवढं सांभाळा. सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी होऊन कागद खाते. लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही. घडी घालू नका, सपाट ठेवा. दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये ठेवा आणि ऊन, ओल, वाळवी यांपासून लांब ठेवा. कागद कुठं मिळाला, कुणाकडून मिळाला, कोणत्या वर्षाचा आहे, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. माहिती नसलेला जुना कागद अर्धा मुका असतो.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

• बाबूरावांना मेस्त्रीऐवजी पेंटर हे नाव कसं पडलं?
• चित्रपटात त्यांनी रंगवलेले पडदे वापरणं का बंद केलं?
• चित्र असलेलं पोस्टर त्या काळात का गरजेचं होतं?
• 'सावकारी पाश'मधल्या शेतकऱ्याला गाव का सोडावं लागलं? आजही लोक गाव का सोडतात?
• आपल्या घरात सगळ्यात जुना छापील कागद कोणता आहे? तो कुणी आणि का जपला?

यातला शेवटचा प्रश्न पालकांनीही मुलांबरोबर बसून सोडवावा ही विनंती. त्या निमित्तानं आजोबांची ट्रंक उघडली जाईल. त्यातून काय निघेल ते सांगता येत नाही, पण जे निघेल ते रद्दीत घालण्याआधी एकदा मुलांना वाचून दाखवा.